देआलू मारेला संध्याकाळी ऊन येत नाही

उम्म अल कुवैन,
५ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. शर्वाणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं ऑगस्टचं पत्र पोस्ट बॉक्समध्ये तीन आठवडे पडून राहिलं. बॉक्सची किल्ली नूरुद्दीनकडे, आणि नूरुद्दीन मुलीच्या लग्नासाठी बिहारला. बावीस वर्षं जमीन मोजताना तो उन्हात पट्टी धरून उभा राहिला आणि मी दुर्बिणीतून त्याच्याकडे बघत आलो. त्याच्यावाचून माझं पान हलत नाही हे तुला ठाऊक आहे. आता परत आलाय, मुहैस्नाच्या कामगार कॅम्पमधून रोज सकाळी मिठाईचा एकेक तुकडा आणतो.

फोन करा असं पुन्हा लिहू नकोस. पाइलिंग मशीनशेजारी उभं राहून कान गेले ते गेले. डॉक्टरने दिलेलं यंत्र लावलं की माणसं डब्यात बसून बोलल्यासारखी वाटतात. त्यापेक्षा पत्र बरं. तुझं अक्षर अजून ओळ सोडत नाही. शारजाच्या इंग्रजी शाळेतल्या मुलीकडून ते घोटून घेताना तू मला किती शिव्या घातल्या असशील कोण जाणे.

मिहाईच्या मुलखातल्या तुमच्या कम्यूनचा नकाशा आता जेवणाच्या टेबलावर कायमचा आहे, मी ओट्यापाशी उभा राहून जेवतो. चार गावं मिळून एक नाव आणि एक मेयर, म्हणजे आपली ग्रुप ग्रामपंचायतच. मध्ये ओढ्याकाठी वालिया मोरी, तिथे कचेरी, शाळा, चर्च, पोस्ट. पश्चिमेच्या डोंगरावर, पूर्वेकडे तोंड करून देआलू मारे, तुमचं घर. दक्षिणेला नदीकाठच्या सपाटीवर हायवेलगत लुंका, दुकान तिथेच. आणि उत्तरेला फुंतुनेले, अकरा घरं, त्यातली आठ कुलपात. गुगलवर सगळं आयतं दिसतं असं मंजूआत्या म्हणते. दिसत असेल. मी दुसऱ्याच्या मापावर नकाशा काढत नाही. तू लिहिशील त्यावरूनच काढणार, तेव्हा नीट बघून लिही.

लग्नाच्या वेळची अट लक्षात आहे ना? सासरचं रडगाणं कागदावर नको. मंजूनं लग्नानंतर दोन वर्षं रडून पत्रं पाठवली, ती वाचून माझ्या आईनं जेवण टाकलं होतं. मिहाई तू निवडलास, आम्हाला न विचारता. त्याचं बरंवाईट तुझ्यापाशी. गाव कसं आहे ते लिही, मला पुरे.

माझी बातमी अशी की मार्चअखेर ऑफिस बंद होतंय. एकतीस तारखेपर्यंत व्हिसा, मग छत्तीस वर्षं खलास. पुण्याजवळ एका ज्येष्ठ निवासात नाव घातलंय. एकट्यासाठी खोली की घरचं कुणी सोबत राहणार असेल तर दोन खोल्या, ते पंधरा जानेवारीपर्यंत कळवायचं, नंतर बदल नाही. दोन खोल्यांत मी एकटा काय क्रिकेट खेळू? पण फॉर्म अजून भरलेला नाही.

मिहाईला आशीर्वाद कळव, इटलीहून आला असेल तर.
तुझा
बाबा

*

२८ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आज वसुबारस. इथे गाईंना तोटा नाही, पण एखादीला ओवाळलं तर लोक मला वेड्यात काढतील म्हणून लांबून नमस्कार केला. नूरुद्दीनचाचांच्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. ती एवढीशी असताना चाचा तिचा फोटो मोजणीच्या लेव्हलच्या पेटीत ठेवायचे.

गावाबद्दल लिहिते. अक्रोड झडून गेले. बायकांची बोटं काळी झालीत, महिनाभर निघत नाहीत. सकाळी इतकं धुकं असतं की दार उघडलं की ते पायरीवरच बसलेलं असतं, कुंपणाच्या पलीकडचं काही दिसत नाही. नऊ वाजता उठतं. ओढ्याचा आवाज इथे येत नाही, नदीचा येतो. संध्याकाळी पाचला मी स्वयंपाकघरात असते आणि ऊन थेट ओट्यावर येतं. त्या उजेडात मी भाजी चिरते. हे पत्रही तिथेच लिहिते आहे. हे तुमच्या नकाशात कसं दाखवणार ते बघा.

तुम्ही फॉर्म भरण्याची घाई करू नका. एका खोलीत तुमचे नकाशेसुद्धा मावणार नाहीत. दोन खोल्यांचा विचार करा. माणसाचं काय सांगता येतं, कुणी येतंही.

औषधं वेळेवर घ्या. पत्र लवकर पाठवा. तारखांचा हिशेब धरून वाट बघते.
तुमची
शर्वाणी

*

२८ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण राजनकाका तुझा फोन स्पीकरवर टाकून शेजारी बसतात आणि रात्रीपर्यंत सगळ्या फॅमिली ग्रुपला कळतं. म्हणून कागद. वाच आणि फाडून टाक.

मी देआलू मारेला राहत नाही. सप्टेंबरपासून खाली लुंकाला राहते, इलियाना नावाच्या म्हातारीच्या घरात. तिची दोन्ही मुलं स्पेनमध्ये आहेत, एक खोली तिनं मला दिली आहे. पहाटे बेकरीत ब्रेड लावायचं काम करते. मिहाईचं इटलीत दुसरं घर आहे. बाई परकी नाही, याच कम्यूनची, फुंतुनेलेची. त्यांचा मुलगा दोन वर्षांचा आहे. म्हणजे आमच्या लग्नाला वर्ष व्हायच्या आधीपासून. दुबई मरीनाच्या हॉटेलात माझ्यासाठी तासभर थांबणारा माणूस हाच का, असं मी स्वतःला विचारत नाही आता. कंटाळा आला.

सासूबाईंनी रडत रडत सांगितलं. रडल्या खऱ्या, पण वर हेही म्हणाल्या की नातू घरात यायचा तर तू खाली जा. दोन बॅगा घेऊन नऊ किलोमीटर उतरले. वाटेत एक ट्रॅक्टरवाला भेटला, त्यानं निम्म्या वाटेपासून पुढे आणून सोडलं.

माझं इथलं रेसिडेन्स कार्ड लग्नावर आहे, मेपर्यंत चालेल. मला परत यायचं आहे, आत्या. उम्म अल कुवैनच्या घरी नाही येता आलं तरी पुण्याला बाबांबरोबर राहीन. पण मी मागणार नाही. मी मागितलं तर बाबा देतील, आणि मग रोज सकाळी चहाबरोबर ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ तेही देतील. त्यांनी एकदा आपणहून विचारावं, शर्वाणी, येतेस का. एवढंच. दुसऱ्या दिवशी निघेन. आणि रडगाणं लिहायची मला बंदी आहे, गावाबद्दल लिहायची नाही. जे दिसतं ते खरं खरं लिहिते आहे. माणूस जमिनीचा जाणकार आहे, त्यांना कळेल.

तू काही सांगायचं नाहीस. तुला तुझ्या नातीची, ओवीची शपथ.
तुझी
शर्वाणी

*

उम्म अल कुवैन,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. शर्वाणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं आणि मी बराच वेळ हसत होतो. अगं, सर्व्हेअरची मुलगी ना तू? देआलू मारेच्या पाठीशी पश्चिमेला डोंगर आहे, हे तूच पहिल्या वर्षी लिहिलंस. मग संध्याकाळी पाचला तुझ्या ओट्यावर ऊन येईल कुठून, बोगदा पाडून? मी ऑक्टोबरचा सूर्य धरून आकडेमोड केली. साडेतीनला तुमच्या घरावर सावली पडलीच पाहिजे. तू सकाळचं ऊन संध्याकाळचं म्हणून लिहिलंस. धुक्याचंही तसंच. ते खोलगट जागी साठतं, तुम्ही ओढ्यापासून दीडशे मीटर वर. नदीचा आवाज तिथवर पोचायचा तर नदीनं ओरडायला हवं.

रागावत नाही, पण निरीक्षण चुकलं की सगळा नकाशा चुकतो. या तिन्ही गोष्टी पुन्हा बघून कळव. तोवर पेन्सिलीनंच ठेवल्यात.

दोन खोल्यांचं तू लिहिलंस, त्यावर विचार केला. कुणी येतंही असं म्हणतेस, पण कोण येणार? तू तुझ्या घरी सुखात. मंजू दोन दिवसांच्या वर कुठे टिकत नाही, तिला एसीचा आवाजसुद्धा वेगळा लागतो. वर्षातून एकदा तू आणि मिहाई आलात तर निवासाची पाहुण्यांची खोली असते, तीन रात्री मिळते. त्यात भागेल.

तुझ्या आईच्या साड्यांची पेटी मंजूकडे द्यावी म्हणतो. तुला तिकडे काय उपयोग.
तुझा
बाबा

*

२० डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे तिन्ही गोष्टी पुन्हा पाहिल्या. जसं लिहिलं तसंच आहे. सकाळचं ऊन कसं असतं ते मला माहीत आहे, बाबा.

आणखी लिहिते, नकाशाला लावून बघा. दुकान माझ्या दारापासून पाच मिनिटांवर आहे. ब्रेड घरी आणेपर्यंत गरम राहतो. रात्री हायवेवरच्या ट्रकांनी खिडकीची काच हलते. त्या खिडकीतून पश्चिमेला वर देआलू मारेचे दिवे दिसतात. काल मोजले, सात होते. ख्रिसमसला इटलीहून माणसं आली आहेत म्हणून सात, एरवी चार. उजवीकडून दुसरा दिवा आपल्या ओळखीच्या घराचा आहे.

ही चारही गावं अशी की कुणी घरात राहत नाही आणि कुणी घर विकतही नाही. कुलूप लावून जातात. म्हातारी माणसं शेजारच्यांच्या किल्ल्या खिळ्याला लावून सांभाळतात. मी जिथे लिहीत बसते तिथे भिंतीवर सहा किल्ल्या आहेत.

आईच्या साड्या कुणाला देऊ नका. फॉर्मची तारीख जवळ आली. भरण्याआधी माझी पत्रं एकदा सगळी एकापाठोपाठ वाचा, एवढी विनंती आहे.
तुमची
शर्वाणी

*

दुबई,
२५ जानेवारी २०२५

चि. शर्वाणीस,
अनेक आशीर्वाद.

शपथ घालताना तुला ओवीच सापडली का? सहा वर्षांची पोर ती. तिला म्हटलं मावशीला दोन ओळी लिही, तर ‘लव्ह यू’ लिहून पळाली. तिच्या डोक्यावर हात ठेवून गप्प बसायचं म्हणजे माझ्यासारखीला काय होतं ते तुला काय कळणार.

गेल्या शनिवारी अण्णाकडे गेले होते. टॅक्सीनं दोनशे दिरहम घेतले, म्हणजे साडेचार हजार रुपये झाले की, तुझे काका अजून बोलून दाखवतायत. नकाशा पाहिला. काय सुरेख काढलाय गं. ओढा निळा, अक्रोडाची झाडं एकेक टिंबानं. देआलू मारेच्या एका घरावर लाल टिकली आणि शेजारी बारीक अक्षरात तुझं नाव. मला तिथे उभं राहवेना.

तुझी पत्रं त्यानं खरंच एकापाठोपाठ वाचलीत. फाइल केलीय. ज्या वाक्यांचा मेळ बसत नाही त्यांच्याखाली लाल रेघ, आणि बाजूला ‘तपासणे’. पाच मिनिटांच्या दुकानावर लिहिलंय, चालते की उडते. आपल्या खिडकीतून आपलंच गाव दिसतं म्हणते, लग्न झाल्यापासून पोरीचं लक्ष उडालंय, असं मला हसत हसत सांगत होता. मी म्हटलं, अण्णा, तिला इथे बोलावून घे की थोडे दिवस, विचार तरी. तर म्हणाला की तिचं बरं चाललंय, तक्रारीचा एक शब्द नाही तिच्या पत्रात, बघ. अभिमानानं म्हणाला. मी पुन्हा म्हटलं की न का लिहीना, तू विचार. तर त्यानं कानातलं यंत्रच काढून ठेवलं.

फॉर्म चौदा तारखेला गेला. एकट्याची खोली.

तुझ्या बापावर मी चिडले आहे आणि तुझ्यावरही. मी त्या वयात रडून लिहिलं तर माहेरच्यांना वाटलं पोरगी नाटकी आहे, आणि न्यायला कुणी आलं नाही. तू न रडता लिहिलंस तर वाटलं पोरगी सुखी आहे. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आपल्या घराण्याचा हात कुणी धरणार नाही. आता यल्ला, चल, सरळ लिही त्याला. नाहीतर मी शपथ मोडीन, मग देव मला काय करायचं ते करो.

जेवत जा.
तुझी
आत्या

*

लुंका,
२० फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न.

पत्ता वर लिहिला आहे, पहिल्यांदाच. मी सप्टेंबरपासून लुंकाला राहते. तिथे संध्याकाळी ऊन येतं, धुकं येतं, नदी ऐकू येते आणि दुकान पाच मिनिटांवर आहे. मिहाईनं दुसरा संसार केला आहे, त्याच्या आईनं मला घर सोडायला सांगितलं. रडगाणं म्हणायचं तर ते एवढंच, दोन ओळींचं. एवढ्यासाठी बंदी घालायची गरज नव्हती.

तुम्ही म्हणालात गावाबद्दल लिही. मी लिहिलं. एक वाक्य खोटं लिहिलं नाही. प्रत्येक पत्रात मी कुठे उभी आहे ते तुम्हाला सांगत होते, आणि तुम्हाला प्रत्येक वेळी दिसलंही. साडेतीनची सावली तुम्ही काढलीत. माझी चूक तुम्ही मिनिटापर्यंत बरोबर काढलीत, बाबा. फक्त ती चूक नव्हती. ज्या माणसाला डोंगराची सावली कळते त्याला, ही पोर डोंगरावर नाहीच, हे का कळू नये? मी याचा फार विचार केला. तुम्हाला कळायचं नव्हतं. नकाशा बदलला तर चालेल, पण माझ्याबद्दल काही करावं लागेल हे चालणार नव्हतं.

तीन वर्षांत तुम्ही मला उतार विचारलेत, विहिरींची खोली विचारलीत, पुलाच्या कमानी किती ते विचारलंत. तू कशी आहेस, हे एकदाही नाही. मी पंधरा जानेवारीपर्यंत रोज वालिया मोरीच्या पोस्टात जात होते. पोस्टातली बाई मला पाहिलं की लांबूनच मान हलवायची. तुम्ही येतेस का असं लिहिलं असतंत तर मी त्याच कागदानिशी विमानात बसले असते.

आता येणार नाही. बेकरीशी दोन वर्षांचा करार केला आहे, त्यावर नवीन कार्ड होईल. इलियानाबाईंना माझी सवय झाली आहे. रागानं येत नाही असं नाही. राग आहेच. पण येऊन तुमच्या पाहुण्यांच्या खोलीत तीन रात्री राहायला मला जमणार नाही.

आईच्या साड्या आत्याला द्या.
शर्वाणी

*

उम्म अल कुवैन,
१६ मार्च २०२५

चि. शर्वाणीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाल्याला पाच दिवस झाले. तीनदा लिहायला बसलो. रमझानमुळे ऑफिस दोनलाच सुटतं आणि घरी आता खोकी सोडून काही नाही, त्यामुळे वेळ नव्हता असंही म्हणता येत नाही.

तुला एक सांगायला हवं, कारण ते लपवलं तर हे पत्र लिहिण्यात अर्थ नाही. तुझं पत्र यायच्या आधी, फेब्रुवारीत, नूरुद्दीन खोकी बांधायला आला होता. तुझी पत्रं मी त्याला पहिल्यापासून हिंदीत वाचून दाखवायचो. नकाशापाशी उभा राहून तो म्हणाला की साहेब, बिटिया नीचे आ गई है, कबकी. मी त्याला म्हणालो की माझी मुलगी खोटं लिहीत नाही. तो म्हणाला की खोटं कुठे लिहिलंय साहेब, तिनं तर सगळं लिहिलंय. त्यावर मी त्याला बांधाबांध कर, मध्ये बोलू नको म्हणालो. बावीस वर्षांत मी त्याच्याशी तसं बोललो नव्हतो. त्यानं पुढचं खोकं ओढलं. म्हणजे मला कळलं होतं, शर्वाणी. आणि कदाचित त्याच्याही आधी, दिव्यांचं वाचलं तेव्हा. त्या रात्री मला झोप आली नव्हती, आणि मी कारण जेवणावर ढकललं.

मंजूची पत्रं आल्यावर आईनं जेवण टाकलं ते मी तुला सांगत आलो. पुढचं सांगितलं नाही. आईनं मला मंजूला आणायला जा म्हणून सांगितलं होतं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, गल्फचा व्हिसा हातात, दहा दिवसांत विमान. गेलो नाही. रडगाणं कागदावर नको हा नियम मी आईसाठी केला नव्हता. आलेलं पत्र वाचलं की उठावं लागतं, ते मला नको होतं. तुझ्यावरही तोच घातला.

एकट्याची खोली मी सोडली. पुण्यात दोन खोल्यांची जागा भाड्यानं बघितली आहे, दुसऱ्या मजल्यावर. एक एप्रिलपासून मी तिथे असेन. साड्यांची पेटी मंजूला दिली नाही, ती बरोबर नेतो आहे. हे वाचून तू येशील असं मला वाटत नाही. येणार नाही असं तू लिहिलंस, आणि या वेळी तुझं वाक्य मी तपासणार नाही.

तरी विचारतो, कारण विचारायचं राहिलं आहे. तू कशी आहेस? जेवतेस का? पहाटे एकटी चालत जातेस तो रस्ता कसा आहे, तिथे दिवे आहेत का? येतेस का, शर्वाणी? आज नाही, मेमध्ये नाही, कधीही.

बापानं लेकीला आशीर्वाद लिहायचा असतो. ‘लोभ असावा’ हे लहानांनी मोठ्यांना किंवा बरोबरीच्यांना लिहायचं, असं तुला पाचवीत मीच शिकवलं होतं. ते मला ठाऊक आहे, आणि ठाऊक असून लिहितो आहे.

लोभ असावा, ही विनंती.
बाबा